कमी खर्चात खाऱ्या पाण्याचे छोटे मत्स्यालय

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय महाग पडते, ते मुख्यतः घाईने सोडलेले मासे मरतात म्हणून. सुरुवातीस ६० × ३० × ३० सें.मी. काचेची टाकी, हवेचा पंप, स्पंज फिल्टर, जाड वाळू, हायड्रोमीटर आणि अमोनिया-नायट्राइट चाचणी संच एवढे साहित्य पुरे.

पाणी : किनाऱ्यालगतच्या बांधवांनी समुद्राचे पाणी खाडीच्या मुखापासून दूर घ्यावे. पावसाळ्यात ते गढूळ व कमी खारे असते. इतरांनी क्लोरीनविरहित पाण्यात मत्स्यालयाचे समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम विरघळवावे; ५० लिटरला पावणेदोन किलो लागते. खाण्याचे मीठ चालत नाही. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवावे.

टाकी मुरवणे : विष्ठा व उरलेल्या खाद्यापासून विषारी अमोनिया तयार होतो. युरिया दिलेल्या शेतात जमिनीतील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. टाकीतही हेच घडते. नव्या टाकीत मात्र हे जिवाणू पुरेसे नसतात. म्हणून फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे व साधारण चार ते सहा आठवडे थांबावे. अमोनिया व नायट्राइट आधी वाढून मग शून्यावर आल्यावरच हॅचरीत वाढवलेला एखादा लहान क्लाउन मासा सोडावा.

देखभाल : बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या पाण्याने भरावे, कारण मीठ टाकीतच राहते. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलून तेवढेच खारे पाणी घालावे. तांब्या-पितळेची भांडी वापरू नयेत. काटकसर टाकीच्या आकारात करावी, चाचणी संचात करू नये.