सुट्टीत पाहुणे होऊन पाहा

अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये वाढणारी आपली मुलं मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. आपल्याला इंग्रजी येतं, हे त्यांना ठाऊक असतं. यावर एक उपाय सुचवतो.

अकोले तालुक्यात पुरुषवाडी नावाचं महादेव कोळ्यांचं गाव आहे. मलेशियातल्या खेड्यांत पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, तसे इथेही राहता येतं. जेवण घरोघरी पाळीपाळीने असतं, त्यामुळे पैसाही गावात राहतो. काजव्यांचा हंगाम मेअखेर ते जून. तेव्हा आपल्या शाळा चालू असतात. पण डिसेंबरच्या सुट्टीत छान थंडी असते आणि भात घरात आलेला असतो. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई आणि बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे याच तालुक्यात.

चुलीपुढच्या मावशी आग्रहाने भाकरी वाढतात. तिथे ‘नको’ किंवा ‘अजून द्या’ हे मुलांना मराठीतच म्हणावं लागतं. वर्गात ही गरज निर्माण करता येत नाही.

जाण्याआधी कळवा, ठरलेले पैसे द्या, किमान दोन रात्री राहा. आणि मुलं अडखळली, तर चटकन दुभाषे होऊ नका.