घोड्याचे रक्त काय सांगते

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पर्यटकांना कुलाबा किल्ल्यापर्यंत नेणारे गाडीचे घोडे आणि काशीद-मुरुडच्या पुळणीवर सवारीसाठी उभे असणारे घोडे यांचे आजारपण बहुधा त्यांनी चारा सोडल्यावरच, म्हणजे बऱ्याच उशिरा, ध्यानात येते. घोडा दुखणे अंगावर काढणारा प्राणी असल्यामुळे त्याच्या मानेच्या शिरेतून काढलेले थोडेसे रक्त पशुवैद्याला फार उपयोगी पडते. मात्र त्या रक्तातील आकडे माणसाच्या अहवालाप्रमाणे वाचले, तर निदान हमखास चुकते.

रक्ताचा किती हिस्सा तांबड्या पेशींनी व्यापला आहे, हे दाखवणाऱ्या मापाला प्रयोगशाळेत पीसीव्ही म्हणतात आणि शांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्यात ते साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. परंतु घोड्याची प्लीहा, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूची पाणथरी, तांबड्या पेशींचा मोठा साठा राखून ठेवते, आणि घोडा बिथरला किंवा दौडला की ती आकुंचन पावून तो साठा रक्तात सोडते, त्यामुळे काही मिनिटांत हा आकडा ६० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. फेरी मारून नुकत्याच आलेल्या घोड्याचे रक्त घेतल्यास त्याचा रक्तक्षय झाकला जातो, तो यामुळेच. शिवाय रक्तक्षय झाल्यावर माणसाच्या रक्तात अपक्व तांबड्या पेशी दिसू लागतात, तशा त्या घोड्याच्या रक्तात जवळजवळ उतरतच नाहीत. शरीर नवे रक्त तयार करत आहे की नाही, हे ठरवण्यासाठी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजणी करणे भाग पडते. घोड्याच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींहून लहान असल्याने माणसांच्या रक्तासाठी बसवलेल्या यंत्रावरची मोजणीही विश्वासार्ह ठरत नाही.

पोटशूळात पीसीव्ही आणि रक्तद्रवातील प्रथिने ही दोन मापे एकत्र पाहावी लागतात. उन्हात काम करून पाणी कमी पडलेल्या घोड्यात ती दोन्ही वाढतात, पण पीसीव्ही वाढत असताना प्रथिने घटू लागली, तर आतड्याच्या इजा झालेल्या भिंतीतून ती पाझरत असल्याची शंका घ्यावी लागते, आणि हे लक्षण गंभीर आहे. पांढऱ्या पेशींचेही असेच आहे. जंतुसंसर्गात त्या वाढतात अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी आतड्यातील विष रक्तात उतरले की त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून ऊतींकडे वळतात आणि मोजणीत एकाएकी कमी भरतात. दाह ओळखण्यासाठी सिरम अमायलॉइड ए या प्रथिनाचे माप आता मोलाचे मानले जाते, कारण निरोगी घोड्यात नगण्य असणारे हे प्रथिन दाह सुरू झाल्यापासून काही तासांत अनेक पटींनी वाढते, तर फायब्रिनोजेन हे दाहाचे दुसरे प्रथिन वाढायला एक-दोन दिवस लागतात. उलट, पिवळे डोळे पाहून काविळीचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये; घोडा दोन-तीन दिवस उपाशी राहिला, तरी यकृत धडधाकट असूनही त्याच्या रक्तात बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढते.

काही आजारांत मात्र रोगाचे कारणच रक्तात डोळ्यांना दिसते. सर्रा या आजाराचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली, आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान परिसरात, घोडे आणि उंट यांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. टॅबॅनस जातीच्या चावऱ्या माश्या तो पसरवतात. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तातही तो आढळला, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानात यावे. अधूनमधून येणारा ताप, खंगत जाणे आणि पायांवर व पोटाखाली सूज ही या आजाराची लक्षणे होत. परजीवी रक्तात सतत सापडत नसल्याने नमुना ताप चढलेला असताना घ्यावा, आणि एका काचपट्टीवर तो दिसला नाही एवढ्यावरून घोडा रोगमुक्त ठरवू नये.

आकड्यांच्या या सगळ्या चढउतारांवरून एक गोष्ट स्पष्ट होते: छापील मर्यादांपेक्षा त्याच घोड्याचा निरोगी असतानाचा आकडा तुलनेसाठी अधिक भरवशाचा असतो. म्हणून किनाऱ्यावरील घोडेमालकांनी पावसाळा सरल्यावर, पर्यटनाचा हंगाम सुरू होण्याआधी, घोडा धडधाकट आणि विसावलेला असताना पशुवैद्याकडून एकदा रक्त तपासून घ्यावे आणि तो अहवाल जपून ठेवावा.