मुक्या रुग्णांचे वैद्य

बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या माणसास कमाटीबाग ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग उभारली आणि तेथील प्राणिसंग्रहालयही त्याच सालचे. आमच्या बालपणीचे कित्येक रविवार तेथल्या वाघासमोर उभे राहण्यात गेले. या वाघास ताप येत असेल काय, आणि आला तर त्याच्याजवळ जाऊन तो कोण पाहत असेल, हा प्रश्न मात्र आम्हास कधी पडला नाही. तो पडला आमच्या थोरल्या बंधूंच्या कन्येस. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळास सारे जमले असता, बारावीत शिकणारी ही मुलगी सहज म्हणाली, "मला प्राणिसंग्रहालयात डॉक्टर व्हायचं आहे." क्षणभर कोणीच बोलले नाही. मग बंधू म्हणाले, "म्हणजे गुरांचा डॉक्टरच ना?" हातातील चकली ताटात ठेवून मुलगी उठून आत गेली.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाची चौकशी आरंभिली. असाच संवाद इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील घरांतूनही होत असेल, म्हणून हाती आलेली माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, बंधूंचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. वन्य प्राण्यांच्या वैद्यकाची वेगळी प्रथम पदवी आपल्याकडे नाही. वाघाकडे जाणारी वाट गोठ्यातूनच जाते. पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन या विषयांतील पदवीचा, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.चा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे असते. बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांच्या जोडीस इंग्रजी लागते. महाविद्यालयांतील १५ टक्के जागा 'नीट' परीक्षेच्या गुणानुक्रमे अखिल भारतीय पातळीवर भरतात आणि बाकीच्या ज्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे. येथे आपल्यासारख्या घरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मातृभाषा मराठी असली तरी नियम पाहतो तो रहिवास. परळच्या १८८६ सालच्या जुन्या महाविद्यालयाचे दार आपल्या मुलांना बहुधा त्या १५ टक्क्यांतूनच उघडते. त्यात खंत करण्यासारखे काही नाही. बडोद्याहून आणंद हाकेच्या अंतरावर आहे, इंदूरकरांना महू, हैदराबादकरांना राजेंद्रनगर, आणि जबलपूर व बीदर येथेही महाविद्यालये आहेत. पदवीनंतर पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल व्हावे लागते. १९८४ च्या कायद्याने तसे बंधन घातलेले आहे.

या साडेपाच वर्षांतील बहुतेक काळ गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्रा यांच्या सहवासात जातो. वाघाच्या ओढीने आलेल्या मुलांचा येथे हिरमोड होतो म्हणतात. परंतु चितळ व नीलगाय यांचे पोट समजते ते रवंथ करणाऱ्या गायीवरून. हत्ती रवंथ करीत नाही, त्याच्या पचनाची घडण घोड्याच्या जवळची. वाघाचे यकृत मांजराच्या जातीचे, म्हणून माणसाला तापात सर्रास देतात ते पॅरासिटामॉल मांजरास जसे विषासमान, तसे वाघाच्या बाबतीतही ते वर्ज्य मानून चालावे लागते. मगर आणि कासव यांचे तर सगळेच निराळे. त्यांच्या शरीराची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असल्यामुळे थंडीत औषध अंगात किती वेगाने मुरेल, याचा हिशेबच बदलतो.

बंधूंच्या शब्दाचा विचार करताना आणखी एक गोष्ट आम्हास प्रकर्षाने जाणवली. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था १८८९ साली सुरू झाली ती पुण्यात. गुरांची गावेच्या गावे ओस पाडणारी बुळकांडी हे तिच्यापुढील मोठे आव्हान होते. हाच रोग १९६८ च्या सुमारास बंदीपूर-मुदुमलाईच्या रानात शिरला आणि गवे मोठ्या संख्येने मेले. पुढे गुरांना लस टोचून टोचून रोग हटला आणि २०११ साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. गव्यांचे हे संकट टळले ते गोठ्यात दिलेल्या टोचणीने. उलट उदाहरण गिधाडांचे. दुखऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक हे औषध दिले जाई. ते जनावर मेल्यावर त्याचे मांस गिधाडे खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्याने पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासून २००४ साली हे कारण उजेडात आणले. आपल्याकडे २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आकाश बरेच रिकामे झाले होते. गोठ्यातील सुईचा परिणाम रानापर्यंत पोहोचतो, हे ज्याने पाहिले त्याला 'गुरांचा डॉक्टर' हा शब्द हिणवण्यासाठी वापरवणार नाही.

पदवीनंतर दोन वर्षांचे एम.व्ही.एस्सी. करावे लागते, कारण खरी ओळख तेथे होते. इज्जतनगर, जबलपूर, चेन्नई आणि केरळातील पूकोड येथे वन्य प्राण्यांच्या आरोग्याचे शिक्षण मिळते. नागपूरजवळच्या गोरेवाड्यासही आता असे केंद्र आहे. शस्त्रक्रिया किंवा विकृतिशास्त्र घेऊन पुढे या क्षेत्रात आलेलेही पुष्कळ आहेत.

या रुग्णांची पहिली अडचण अशी की ते आजार लपवतात. रानात जो लंगडतो तो मारला जातो, हे त्यांच्या रक्तात भिनलेले असल्याने पिंजऱ्यातील हरीणही अगदी आडवे होईपर्यंत ठणठणीत असल्याचा बहाणा करते. म्हणून सकाळची फेरी महत्त्वाची. रात्रीचे मांस किती उरले, शेण कसे पडले, रोज पुढे येणारे जनावर आज कोपऱ्यात का बसले, हे पाहावयाचे आणि त्याहून अधिक, रखवालदारास विचारावयाचे. वीस वर्षे एकाच पिंजऱ्याशी राहिलेल्या रखवालदाराने "साहेब, आज याचं मन नाही" असे म्हटले, तर जाणता डॉक्टर ते हसण्यावारी नेत नाही.

दुसरी अडचण हात लावण्याची. वाघास तपासायचे तर आधी बेशुद्ध करावे लागते. आदल्या रात्री उपास, कारण गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जनावर दगावते. वजन नजरेने ठरवावयाचे आणि त्यावर मात्रा बेतावयाची. केटामिन व झायलाझिन यांचे एक प्रसिद्ध मिश्रण म्यूनिक येथील हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयाच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या एका मिलिलिटरात पहिले १०० आणि दुसरे १२५ मिलिग्रॅम असते. पिंजऱ्यात बंदुकीऐवजी फुंकनळीने सुई मारणे बरे, आवाज होत नाही. मग सर्वांनी गप्प उभे राहावयाचे. जनावर निजले की डोळ्यांत मलम घालून वर कापड टाकतात, कारण त्या गुंगीत पापणी लवत नाही. एकजण श्वास मोजत बसतो, दुसऱ्याच्या हाती उताऱ्याचे औषध तयार असते. हरणांची तर आणखी नाजूक गोष्ट. फार पळवून पकडलेले हरीण त्या वेळी सुखरूप दिसते आणि दोन दिवसांनी स्नायूंची नासाडी होऊन मरते. अलीकडे वाघांना खाऊचे आमिष दाखवून जाळीशी शेपूट देण्यास शिकवतात आणि तीतून रक्त घेतात. आम्हास ही युक्ती सर्वांत आवडली.

मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. माणसे दाराआड बसली असता कोणी तरी त्या सिंहांच्या नाकातून नमुने घेत होते. सिंह पुढे बरे झाले.

आता व्यवहाराचे बोलू, कारण मुलीच्या आईवडिलांस ते हवे असते. देशात मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालये दीडशेच्या आसपास आहेत. १९९२ साली स्थापन झालेले केंद्रीय प्राधिकरण त्यांची तपासणी करते, आणि मोठ्या संग्रहालयांत पूर्णवेळ डॉक्टर असावा असा नियमही आहे. तरी जागा थोड्याच. पुष्कळ ठिकाणी पशुसंवर्धन खात्यातील डॉक्टर काही वर्षांसाठी पाठवला जातो, आणि हत्तीचे पाय ओळखू लागेतो त्याची बदली होते. ही रीत आम्हास मुळीच पटत नाही. ज्याला डॉक्टरीचा प्रवेश हुकला म्हणून इकडे यावयाचे आहे, त्याने न आलेले बरे. त्याचे मन येथे रमणार नाही.

हे सारे आम्ही बंधूंपुढे मांडले. त्यांनी ऐकून घेतले, बोलले काहीच नाहीत. मुलगी आज आणंदला दुसऱ्या वर्षास आहे. गेल्या महिन्यात रात्री अकरास तिचा फोन आला. कॉलेजच्या गोठ्यावर म्हैस अडली होती आणि शिक्षकांच्या हाताखाली हिने रेडकाचे पाय ओढले होते. बंधूंनी फोन आमच्या हातातून घेतला आणि विचारले, "रेडकू उभं राहिलं का गं?"