परसातील सर्पवास : कारणे व प्रतिबंध

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण माणसांच्या एका स्वभावदोषाला उद्देशून वापरतो. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही ती यथार्थ आहे. नाग स्वतः बीळ खोदत नाही. उंदराने किंवा घुशीने खोदलेल्या बिळात, वाळवीने उभारलेल्या वारुळात तो शिरतो, आणि पुष्कळदा बिळाच्या मूळ मालकालाच गिळतो. परसात साप का राहतो, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथेच मिळते. भक्ष्य व आडोसा जेथे एकत्र लाभतात तेथे तो वस्तीला येतो.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८ हजार, माणसे दगावली. यांत ग्रामीण भागाचा वाटा फार मोठा होता, आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत घडले. बिळांत पाणी शिरले की साप कोरड्या जागेच्या शोधात निघतात. परसातील कोरडी जागा म्हणजे बहुधा घराचे जोतेच असते.

उपाय म्हणून कार्बोलिक आम्ल शिंपडण्याची किंवा डांबराच्या गोळ्या व गंधक टाकण्याची चाल आहे. तिला प्रयोगाचा आधार मिळत नाही. नॅफ्थॅलीन व गंधक यांच्या मिश्रणावर अमेरिकेत चाचण्या झाल्या, तेव्हा साप त्या पट्ट्यावरून निर्वेधपणे पलीकडे गेले. सापाची गंधसंवेदना दुर्बल आहे असे मात्र नाही. जिभेने टिपलेले गंधकण टाळूतील जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचवून तो भक्ष्याचा माग काढतो. म्हणून गंध पसरविण्यापेक्षा त्याला आकर्षित करणारा गंध, म्हणजे उंदराचा, नाहीसा करणे अधिक सयुक्तिक होय. कार्बोलिक आम्लाने मुलांच्या व गुरांच्या कातडीला इजा होते, ती वेगळीच.

उंदीर कशाने येतात हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते : सांडलेले धान्य, कोंबड्यांच्या खुराड्याभोवतीचे खाद्य, उघडा उकिरडा. धान्याच्या कणग्या जमिनीपासून उंचावर ठेवाव्यात. सरपण व गोवऱ्या भिंतीला लावून न रचता घरापासून दूर, फळ्यांच्या मांडणीवर रचाव्यात. रिकामी बिळे दगडमातीने बुजवावीत, दाराखालची फट बंद करावी व मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. अर्ध्या इंचाच्या फटीतून लहान उंदीर सहज जातो, आणि जेथून उंदीर जातो तेथून सापाचे पिल्लूही जाऊ शकते.

कोकणात मात्र हा विचार थोडा बदलावा लागतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग भागांतील फुरसे हा लहान साप विंचू, कीटक, बेडूक व पाली यांवरही जगतो. केवळ उंदीर हटवून तो हटत नाही. जांभ्या दगडांच्या कोरड्या रचाईचे गडगे हा त्याचा उत्तम आडोसा. गडगे पाडावेत असे कोणी म्हणणार नाही. पण घराला लागून असलेल्या भागातील सांधे चुन्याने वा सिमेंटने भरता येतात, आणि सुटे चिरे व पालापाचोळा उचलता येतो. दगड उचलताना हात आधी न घालता काठीने उलथावा. ओट्यावरचा रात्रभर जळणारा दिवाही विचारात घ्यावा. दिव्याकडे कीटक येतात, कीटकांमागे बेडूक आणि पाली.

मण्यारीची गोष्ट याहून बिकट आहे. ती रात्री हिंडते, घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदा इतका वेदनारहित असतो की मनुष्य जागाही होत नाही. पहाटे पोटदुखी होते, पापण्या जड होतात, आणि रुग्णालय गाठण्यास उशीर झालेला असतो. परस कितीही स्वच्छ ठेवले तरी हा धोका पुरता टळत नाही. खाटेवर निजावे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात.

धामण बिनविषारी असून उंदरांचा मोठा फडशा पाडते. ती गाईचे दूध पिते हा समज निराधार आहे. तरीही नाग समजून तिलाच मारले जाते. साप दिसल्यास अंतर राखून त्याच्यावर नजर ठेवावी व वनविभागास किंवा जाणकार सर्पमित्रास कळवावे. मात्र पकडून नेलेल्या सापाची जागा, उंदीर तेथेच राहिल्यास, दुसरा साप घेऊ शकतो.