दक्षिणेकडे तोंड करणारा मासा

लोहचुंबकावर सुई घासून ती पाण्यावर तरंगवण्याचा प्रयोग शाळेत अनेकांनी केला असेल. सुई हळूच वळते आणि उत्तर-दक्षिण स्थिरावते. असं का होतं?

लोखंडात अतिसूक्ष्म चुंबकांचे असंख्य गट असतात. एरवी त्यांची तोंडं बाजारातल्या गर्दीसारखी चहूकडे असतात. चुंबक एकाच दिशेने घासला, की त्यातले बरेचसे दिंडीतल्या वारकऱ्यांसारखे एका वाटेला लागतात. मग पृथ्वी नावाचा प्रचंड चुंबक त्या सुईला आपल्या रोखाने वळवतो.

चिनी लोकांनी मात्र हे चुंबकाशिवायही साधलं होतं, आणि मला त्याचंच सर्वाधिक नवल वाटतं. १०४४च्या सुमारास रचलेल्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या युद्धशास्त्राच्या ग्रंथात कृतीच दिली आहे. पातळ पत्र्याचा मासा कापायचा, निखाऱ्यात लालबुंद करायचा, चिमट्याने धरून शेपूट उत्तरेकडे ठेवत पाण्यात विझवायचा. तापल्यावर आतली शिस्त मोडते. निवताना पृथ्वीच्याच रोखाने नवी शिस्त लागते आणि तशीच टिकून राहते. वाडग्यात तरंगणारा हा मासा दक्षिणेकडे तोंड करी.

पुढे १०८८च्या सुमारास शेन कुओ या चिनी विद्वानाने रेशमाच्या धाग्याला टांगलेल्या सुईबद्दल लिहिलं. ती नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित पूर्वेला कलते, हेही त्याने टिपलं. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवांपासून दूर आहेत, म्हणून हा कल.

१११९च्या सुमारास झू यू या चिनी लेखकाने खलाशांची रीत नोंदवली: रात्री तारे, दिवसा सूर्य, आभाळ भरून आलं तर दक्षिणदर्शक सुई.