कलम ६६-अ : ऑनलाइन छळाचा कायदा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

संगणकीय माध्यमातून होणारा छळ रोखणारा कायदा असावा, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते गुन्हा नेमका कशास म्हणावे याबाबत. एखाद्या व्यक्तीचा पिच्छा पुरविणे वा तिला धमकावणे ही कृती आहे. कोणास तरी न रुचणारे लिहिणे ही अभिव्यक्ती आहे. ही सीमारेषा पुसली गेल्यास काय घडते, याचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-अ होय.

डिसेंबर २००८ मध्ये संसदेने संमत केलेल्या दुरुस्तीने हे कलम आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. संगणक वा दूरसंचार साधनाद्वारे अत्यंत आक्षेपार्ह अथवा धमकीवजा मजकूर पाठविणे, तसेच त्रास, गैरसोय, अपमान इत्यादींच्या हेतूने खोटी माहिती सातत्याने पाठविणे हा त्यानुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा दखलपात्र गुन्हा ठरला. शब्दयोजना बरीचशी ब्रिटनच्या २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमधील कलम १२७ शी जुळणारी होती. तेथे मात्र कमाल शिक्षा सहा महिन्यांची होती. ‘गैरसोय’ म्हणजे काय, याची व्याख्या कलमात नव्हती. साहजिकच ती करण्याचे काम तक्रारदार आणि पोलीस ठाणे यांच्याकडे गेले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत बंद पाळला गेला. त्याविषयी पालघर (तेव्हा ठाणे जिल्हा) येथील एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला. दुसरीने त्यास केवळ ‘लाइक’ दिले. दोघींनाही अटक झाली. त्या मजकुरात धमकी नव्हती, कोणाचा पाठलागही नव्हता. उलट, जमावाने मोडतोड केली ती एकीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची. म्हणजे छळाविरुद्धचे कलम ज्यांचा छळ झाला त्यांच्यावरच लागू करण्यात आले. पुढे हा खटला बंद झाला. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय अटक करू नये, अशी सूचना केंद्र शासनाने जानेवारी २०१३ मध्ये दिली. शब्दांची संदिग्धता मात्र तशीच राहिली.

‘श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या पीठाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. विद्यार्थ्यांसमोर आवर्जून मांडावा असा हा न्यायनिर्णय आहे. चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या न्यायालयाने कल्पिल्या; अनुच्छेद १९(२) चे निर्बंध तिसऱ्या पायरीवरच लागू होतात. ब्रिटनमधील दोन खटल्यांचा दाखलाही दिला गेला. त्या दोन्हींत खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष वरच्या न्यायालयाने त्याच कसोटीवर फिरविला होता. प्रशिक्षित न्यायाधीशांचे जेथे एकमत होत नाही, तेथे सामान्य नागरिकाने मर्यादा कशी ओळखावी? कलमाचा वापर जबाबदारीने होईल ही शासनाची हमीही न्यायालयास पुरेशी वाटली नाही. कारण सरकारे बदलतात, कायदा राहतो. प्रत्यक्षात हे कलम रद्द होऊनही राहिले! निर्णयानंतरही त्याखाली गुन्हे नोंदविले जात होते. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठास तसे न करण्याविषयी पुन्हा आदेश द्यावा लागला.

कलम गेल्याने स्त्रिया असुरक्षित झाल्या, हा आक्षेप अंशतःच खरा आहे. इंटरनेटवरील पाठलाग २०१३ मध्येच भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड खाली स्वतंत्र गुन्हा ठरला होता. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. निनावी धमकीसही शिक्षा आहेच. मात्र पाठलागाच्या कलमात एकाच पुरुषाने स्त्रीशी वारंवार संपर्क साधणे वा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे अभिप्रेत आहे. शेकडो अनोळखी लोकांनी एकीला प्रत्येकी एकच अपमानकारक संदेश पाठविला, तर त्या प्रत्येकाची कृती या व्याख्येतून निसटते. खरी उणीव येथे आहे, आणि ती सामूहिक वर्तनाची आहे.

केरळ शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये स्त्रियांवरील सायबर हल्ल्यांचेच कारण देऊन पोलीस कायद्यात कलम ११८-अ अध्यादेशाने आणले. पण त्याचा रोख पुन्हा अपमानकारक मजकुरावर होता आणि त्याची व्याप्ती कोणत्याही संपर्कमाध्यमापर्यंत होती. तीव्र विरोधामुळे काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले.