सुई, कुंकू आणि केसांचे दोर

शेणानं सारवणं, सुईत दोरा ओवणं, कुंकू लावणं... यात कसली आलीय कला, असंच आपण म्हणू ना? पण बेंगळुरूच्या शीला गौडा यांनी नेमक्या याच गोष्टी उचलल्या आणि त्यांची शिल्पं पार व्हेनिस, लंडनपर्यंत पोहोचली.

1957 साली कर्नाटकातल्या भद्रावतीत जन्मलेल्या शीला मूळच्या चित्रकार. शांतिनिकेतन, मग लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट असं रीतसर शिक्षण झालेल्या. 1992 च्या अखेरीस देशात दंगली उसळल्या, तेव्हा आजूबाजूचं सगळं सांगायला नुसते रंग त्यांना अपुरे वाटू लागले. त्यांनी शेण हाती घेतलं. शेण पवित्रही, जळणाचंही आणि बायकांच्या रोजच्या राबण्यातलंही.

त्यानंतरचं त्यांचं एक गाजलेलं काम म्हणजे 'अँड टेल हिम ऑफ माय पेन', म्हणजे 'माझं दुखणं त्याला सांग'. आपण दोरा ओवतो तो हातभर. जास्त घेतला की गुंता आणि वर घरातल्या मोठ्यांची बोलणी! इथं लांबच लांब दोरा नेढ्यातून अर्ध्यापर्यंत ओढून घेतलाय. असे कितीतरी दोरे एकत्र करून कुंकू आणि डिंकाच्या लेपानं त्यांचे जाड, लालभडक दोर केलेत. जमिनीवर, भिंतीवर ते वेटोळी घालत जातात. लांबून नाळ वाटावी, आतडी वाटावीत. जवळ गेलं की टोकाला सुयांचा झुबका. मला विचाराल तर त्या नावापेक्षा हा झुबकाच जास्त बोलतो.

2009 च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी 'बिहोल्ड' मांडलं. आपल्याकडे गाडीला लिंबू-मिरची किंवा काळी बाहुली बांधतात, तसा बेंगळुरूकडे बंपरला केसांचा दोर बांधतात. दृष्ट लागू नये म्हणून. हे केस देवळात नवसाला उतरवलेले. लांबसडक असतील ते टोपांसाठी विकले जातात, आखूड केसांचे दोर वळतात. शीलांनी असे सुमारे चार किलोमीटर दोर घेतले आणि त्यांवर मोटारींचे वीसेक बंपर टांगले. एवढं पोलाद पेललंय ते केसांनी! हे शिल्प आता लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

ते केस कुणाकुणाचे, हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही. कुणाचं मूल तापातून उठलं असेल, कुणाच्या घरी पाळणा हलला असेल.